निळ्या कोटातला माणूस

माथ्यावरचा तळ, सिएरा नेवाडा डोंगर, कॅलिफोर्निया
सन १८६७, आपल्या चिनी पंचांगाचा दुसरा महिना

वहिनींना सिक-लुनचा नमस्कार.

माझं पत्र आहे म्हटल्यावर तुम्ही ते चुलीत घालाल, अशी मला धास्ती आहे. निघताना बंदराच्या वाटेवर तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. दादाला मीच फूस लावून समुद्रापार नेलं, ही तुमची समजूत. ती इतक्या लांबून काढायला मी बसत नाही. पण हे पत्र मास्तरांकडून वाचून घ्या, आणि वाचताना थोरल्या काकांना जवळ बसवा.

हिंगदादा गेला.

नव्या वर्षाचा सण झाला आणि बर्फ जे सुरू झालं ते थांबलंच नाही. रेल्वेचा बोगदा अर्धा पोखरून झालाय, म्हणून साहेब काम थांबवायला तयार नाहीत. आमच्या झोपड्या बर्फाखाली गेल्यात. झोपडीतून बोगद्यापर्यंत आम्ही बर्फातल्या भुयारातून जातो, दिवसभर खडकात पहार ठोकतो, सुरुंग लावतो आणि त्याच भुयारातून परत येतो. दादाची झोपडी आमच्यापासून लांब, दरीच्या अंगाला होती. एका संध्याकाळी वरचा बर्फाचा कडा सुटला आणि झोपडी आतल्या माणसांसकट दरीत गेली. आम्ही जेवत होतो. आम्हाला आवाजही आला नाही.

मोक मुकादम म्हणतात, दादा आत होता. त्यांनीच येऊन मला सांगितलं. दादाचं गाठोडंही त्यांनीच आणून दिलं. पांघरूण, चहाची किटली, तुमच्या हातच्या कापडी जोड्याचे तळवे. सगळं कोरडं होतं.

बर्फ वितळेपर्यंत कुणाला शोधता येणार नाही, असं साहेबाने सांगितलंय. दादाला त्रास झाला नसेल. झोपेत गेला असेल.

आणखी लिहिणार होतो, पण मास्तरांचा घसा दुखेल.

सिक-लुन

माथ्यावरचा तळ
सन १८६७, सहावा महिना

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, मुस्काटातच होती. "दोघे गेले, एक उरला. उरलेल्याच्या शब्दावर मी पांढरे कपडे घालू का?" माझ्या जागी दुसरा असता तर रागावला असता. मला उलट बरं वाटलं, कारण मीही त्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता.

तुम्ही पत्र आता मास्तरांकडे नेत नाही, पलीकडच्या गावातल्या वैद्यांच्या मुलीकडून वाचून घेता, हे बरं केलंत. काकांच्या कानावर न घालण्यासारखं पुष्कळ आहे.

मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं ते आधी सांगतो. झोपडी दरीत गेली, तर गाठोडं वर कसं राहिलं? आणि कोरडं कसं? मी मोकला तेव्हाच विचारलं होतं. म्हणाला, "झोपडी गळत होती म्हणून त्याने माझ्याकडे ठेवलं होतं." अशा थंडीत पांघरूण दुसऱ्याकडे ठेवून कोण झोपतं? त्या दिवसापासून मी मोकवर डोळा ठेवला.

चौथ्या महिन्यात दरीतलं बर्फ उतरलं आणि माणसं सापडू लागली. कुणाच्या हातात अजून वाटी होती. एका सकाळी मोकने मला खाली बोलावलं. दगडाला टेकलेला एक माणूस होता. अंगात दादाचा निळा, कापूस भरलेला कोट. कोपरावर तुम्ही लावलेलं काळं ठिगळ. तुमचे टाके मी ओळखतो.

मोक म्हणाला, "घे, सापडला तुझा भाऊ."

चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेला होता. मी वाकून पाहिलं आणि म्हटलं, "मुकादम, हा दादा नाही."

"कोट कुणाचा आहे?"

"कोट दादाचाच आहे. आतला माणूस दुसरा आहे."

"हिवाळाभर बर्फात राहिलास तर तुझा तरी चेहरा तुझा राहील का?"

"चेहऱ्याचं सोडा, दात बघा. दादाचा पुढचा दात अर्धा तुटलेला. याची बत्तिशी शाबूत आहे."

मोकने स्वतः वाकून त्या माणसाचं तोंड मिटलं. म्हणाला, "मेलेल्याच्या तोंडात डोकावू नये, लुन. पाप लागतं."

संध्याकाळच्या आत माती दिली. वर फळी रोवली आणि तिच्यावर आपल्या दादाचं नाव लिहिलं. पुढे हाडं काढून गावी पाठवायची, तर नाव हवंच.

वहिनी, तुम्ही असता तर काय केलं असतं? मी चौकशी करत सुटलो. तळावर चौकशी करणाऱ्याला कुणी जवळ करत नाही. शेवटी आमचा आचारी लुई बोलला. भाजी निवडता निवडता म्हणाला, "तो कोट तुझ्या भावाने सणाच्या जुगारातच घालवला. याउ पुईने जिंकला. पोरगा मिरवत होता घालून."

याउ पुई म्हणजे आपल्या नदीपलीकडच्या गावातला, विधवा आईचा एकुलता एक. तो तर पळून गेला, असं मोकनेच साहेबाला सांगितलं होतं. त्याच्या आईलाही तसंच कळवलंय. मग पळालेला माणूस दादाच्या झोपडीतल्या माणसांत कसा निघाला? आणि दादा गेला कुठे?

मी एकच अर्थ काढला. तुम्हीही तोच काढला असता.

याच सुमाराला डोंगरावरच्या सगळ्या टोळ्यांनी काम थांबवलं. बोगद्यातले तास कमी करा आणि गोऱ्यांइतका पगार द्या, एवढंच मागणं. कुणी दगड उचलला नाही. लोक ओढ्यावर अंघोळी करत, झोपड्यांपुढे गप्पा मारत बसले. कंपनीने वर येणारा तांदूळ आणि सुके मासे बंद केले. पोटं खपाटीला गेली तसे लोक एकमेकांकडे तिरके बघू लागले. कोण साहेबाच्या तंबूत जाऊन येतो, कुणाच्या चुलीचा धूर जास्त आहे, याचीच कुजबुज. मोक दोनदा तंबूत गेला. मी सगळ्यांसमोर त्याला अडवलं.

"साहेबाला काय विकून आलात? आधी माझ्या भावाला विकलंत, आता आम्हाला?"

तो उभा राहिला. "भाताचं विचारायला गेलो होतो. नाही म्हणाला."

"माझ्या भावाला तुम्ही मारलंत. मग दुसऱ्याचं प्रेत त्याचं म्हणून पुरलंत."

मोक चिडला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "मारायला कारण लागतं, लुन. तुझ्या भावाशी माझं काय वाकडं होतं?"

"तेच तर मला कळत नाही."

"मग तुझा भाऊ जिथे भेटेल तिथे त्यालाच विचार," असं म्हणून तो चालू लागला.

ही धमकी होती, की स्मशानाची वाट दाखवणं, मला ठरवता येईना. संप मोडला, भात आला, आम्ही पुन्हा बोगद्यात शिरलो. पण आता टोळीतलं कुणी माझ्या शेजारी जेवायला बसत नाही. लुई वाटी भरून देतो आणि म्हणतो, "तू लांबच बस बाबा. उद्या भातात काय कालवलं म्हणून मलाही विचारशील."

दादा जिवंत आहे असं मी म्हणत नाही. निळ्या कोटातला माणूस तो नव्हता, एवढंच म्हणतो. पांढरे कपडे घालायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

सिक-लुन

ट्रकी नदीचा काठ, नेवाडा
सन १८६८, पाचवा महिना

वहिनी,

हे पत्र वैद्यांच्या मुलीलाही पूर्ण वाचू द्यावं की नाही, मला कळत नाही. तिला आधी शपथ घाला.

बोगदा आरपार झाला. आता आम्ही डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, उजाड सपाटीवर आलोय. इथे काम भराभर चालतं. साहेब दोरी लावून खुंट्या ठोकत पुढे जातात, आम्ही मागून मातीचा भराव घालतो, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर रूळ. वाटेत टेकडी आली तर फोडायची, खड्डा आला तर भरायचा.

गेल्या आठवड्यात वाटेत एक मळा आला.

लांबूनच मला तो खटकला. या मुलखात कुणी वाफे असे उंच करत नाही. मधून पाट, पाटाच्या कडेला मोहरीची भाजी, मग कोबी, मग कांदे, आपल्या गावात नदीच्या बाजूला करतात अगदी तसे. साहेबाच्या खुंट्या बरोबर वाफ्यांच्या मधून गेल्या होत्या. साहेबाने हात हलवला, म्हणजे भराव घाला. आमच्या टोळीने घमेली उचलली. तेवढ्यात झोपडीतून एक माणूस काठी घेऊन धावत आला.

त्याने तोंड उघडलं आणि मला तुटका दात दिसला.

माझ्या हातातलं घमेलं खाली पडलं. तो थांबला. आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मागे उभ्या असलेल्या मोककडे त्याने पाहिलं. मोक मान खाली घालून म्हणाला, "मी काही बोललो नाही, हिंग. रुळांनीच त्याला इथे आणलं."

दादा माझ्याशी बोलला तो असा: "माती टाकायच्या आधी कोबी तरी काढून घेऊ दे."

मग आम्ही कोबी काढले. तो, मी आणि मोक. साहेब घड्याळाकडे बघत शिव्या घालत होता. दोघे भाऊ ओळीने वाकून कोबी उपटताहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत, असं ते चित्र होतं. शेवटी म्हटलं, "आम्ही तुझ्या नावाने धूप जाळला."

"कळलं मला. मोकने सांगितलं."

"घरी वहिनी आहेत."

"माहीत आहे."

"मग?"

तो सरळ झाला. कंबर दाबत म्हणाला, "त्या संध्याकाळी मी झोपडीत नव्हतो रे. गाठोडं घेऊन मोककडे गेलो होतो, मला बोगद्याबाहेरच्या कामाला घ्या म्हणून रडायला. बोगद्यात माझे हात चालेनात. सुरुंग लावताना समोरचा माणूस फुटला होता ना, त्यानंतर पहार धरली की घाम सुटायचा. परत निघालो तर झोपडी नाही. जागाच नाही. मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला माहीत आहे? सुटलो."

"सुटलास म्हणजे?"

"थोरला मुलगा म्हणून जन्मलो तेव्हापासून कुणाचा ना कुणाचा आहे. काकांचा, घराचा, मुकादमाचा. मेल्यावर मला पहिल्यांदा झोप लागली. मोकच्या पाया पडलो. म्हटलं, मी आत होतो असं सांगा. त्याने पोटभर भात घातला, गाठोडं मेलेल्याचं म्हणून ठेवून घेतलं आणि वाट दाखवली."

त्याचं ऐकून मी मोककडे गेलो. "याउ पुईचं काय?" मोक म्हणाला, "तो जुगाराला त्या झोपडीत गेला होता, हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी दिसला नाही, म्हटलं पळाला. वसंतात निळ्या कोटात निघाला तेव्हा कळलं. पण तोवर तुझ्या भावाला मारून बसलो होतो ना मी, तोंडाने. एकाला परत जिवंत केल्याशिवाय दुसऱ्याला मेलेला कसं म्हणणार?"

वर्षभर मी या माणसाला खुनी समजत होतो. त्याची माफी मागावी की गचांडी धरावी, मला कळेना. काहीच केलं नाही.

आता जे लिहू नये असं वाटतं ते. झोपडीच्या दारात एक बाई उभी होती. इथल्या पायूट लोकांतली. हा सगळा काठ तिच्या लोकांचा होता. पाठीवर वेताच्या पाळण्यात मूल. तिने मोडक्या इंग्रजीत मला विचारलं, "तू याला न्यायला आलास?" मी मान हलवली, पण हो की नाही ते मला स्वतःलाच समजलं नाही. पोराच्या हनुवटीवर आपल्या घरची खळी आहे.

अर्धा मळा भरावाखाली गेला. दादा आता उरलेल्या अर्ध्यात लावतो.

तुम्ही जे लिहाल ते मी त्याला वाचून दाखवीन.

सिक-लुन

हंबोल्टचं वाळवंट, नेवाडा
सन १८६८, दहावा महिना

वहिनी,

तुमच्या नावाने पत्र आलंय. "तो जिवंत आहे हे गावाला कळवू नका. फक्त हाडं पाठवा." एवढंच. राग नाही, रडणं नाही, शिवी नाही.

हे तुम्ही लिहिलंय? की पत्र काकांच्या हाती लागलं आणि त्यांनी लिहून घेतलं? ज्यांनी माझ्या साध्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्या एवढ्या गप्प कशा झाल्या? उत्तरात अशी एखादी गोष्ट लिहा जी काकांना ठाऊक असणं शक्य नाही. तोवर मी काही हलवणार नाही.

सिक-लुन

ट्रकी नदीचा काठ, नेवाडा
सन १८७०, सहावा महिना

वहिनी,

"तुमचे दादा झोपेत दात खातात. लग्नानंतर पहिल्या रात्री मला वाटलं घरात उंदीर आहे." वाचून दाखवलं तेव्हा दादा कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "ही तीच."

पुढचं पत्रही मी त्याला सगळं वाचून दाखवलं. तुम्ही लिहिलंत, "मेलेल्याची बायको म्हणून मला या घरात चूल आहे, आणि चुलत दिराचा धाकटा मुलगा दत्तक देतो म्हणाले आहेत. पळालेल्याची बायको म्हणून मला काय आहे? आयुष्यभर दार उघडं ठेवून बसू? काका म्हणतात, देव्हाऱ्यातल्या नुसत्या नावाच्या पाटीवर दत्तक होत नाही, पुरायला काहीतरी आलं पाहिजे. तुमच्या भावाने मरायचं ठरवलंय ना, मग नीट मरायला सांगा."

दादा बराच वेळ बाहेर जाऊन बसला. आमच्या समोरून गाडी गेली. दोन्हीकडचे रूळ भेटल्यापासून रोज जाते. पोराने तिला हात केला.

मी त्याला म्हटलं, "माथ्यावरची हाडं वहिनींना देता येणार नाहीत. ती याउ पुईची आहेत. त्याची आई गावात मान खाली घालून फिरते. पोरगा पळपुटा निघाला म्हणून पाणवठ्यावर तिच्याशी कुणी बोलत नाही. पळालास तू, आणि तोंड लपवते ती."

"मला लाजवायला आलास का?"

"नाही. विचारायला आलोय. वहिनींना काय द्यायचं?"

याआधीच मी आणि मोक माथ्यावर जाऊन आलो होतो. मोकने आपल्या हाताने दादाच्या नावाची फळी उपटली. त्याने याउ पुईची हाडं धुतली, वाळवली, कापडात बांधून पेटीत ठेवली आणि पेटीवर त्याचं खरं नाव लिहिलं. मी मदत करू लागलो तर म्हणाला, "तू राहू दे. मी चुकीचं नाव लिहिलं, मीच पुसतो." तोच आता गावी परततोय. पेटी तो याउ पुईच्या आईच्या दारात स्वतः ठेवणार आहे, आणि पोरगा पळाला नव्हता, बर्फात गेला, हे गावासमोर सांगणार आहे. कोटात दुसराच निघाला, हेही सांगेल. हिंग मात्र सापडलाच नाही, असं सांगेल. हे शेवटचं खोटं मला आवडलेलं नाही. पण ते तुम्ही मागितलंत.

दादा उठून झोपडीत गेला. कोबी कापायची सुरी घेऊन बाहेर आला. त्याच्या बाईने सुरी पाहिली आणि त्याचा हात धरला. त्याने तिला काहीतरी सांगितलं, ते मला कळलं नाही. तिने हात सोडला आणि ती पोराला घेऊन नदीकडे गेली.

त्याने स्वतःची वेणी पुढे ओढली आणि मानेजवळ कापली. सुरीला धार नव्हती, वेळ लागला.

बादशहाच्या हुकमाने आपल्या प्रत्येक पुरुषाला वेणी राखावी लागते आणि ती कापलेल्याला त्याच्या राज्यात पाय ठेवता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, "दादा, आता तुला परतायचं झालं तरी..."

"म्हणूनच," तो म्हणाला. दोन्ही टोकं सुतळीने बांधून त्याने ती माझ्या हातात दिली. "तिला सांग, आता नीट मेलो. दार लावून घे म्हणावं."

वेणी मोकबरोबर पाठवतोय. ज्याच्यावर मी सगळ्यांत जास्त संशय घेतला त्याच्याच हाती. दरीत अंग नाही, वेणी तेवढी सापडली, असं तो सांगेल, म्हणजे ती नवऱ्याची म्हणून पुरता येईल. परदेशात अंग न सापडलेल्याचे केस पुरतात, हे काकाही नाकारणार नाहीत.

मोक पुरचुंडी देईल तेव्हा तुम्ही ती उघडून बघाल, हे मला माहीत आहे. मीही बघितलं असतं. कुणा परक्याचे केस तर नाहीत ना, म्हणून. तेव्हा आधीच सांगून ठेवतो. मुळाकडे पांढरे केस बरेच आहेत, ते बघून फसू नका. ते इथे आलेत. टोकाकडचे बघा. ते तुम्ही विंचरलेले आहेत.

सिक-लुन